मुकादमाचं पथ्य

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. ‘तू बरी असशील अशी आशा आहे’ असं लिहायची रीत आहे. मला आशेवर काम करायची सवय नाही, म्हणून सरळ लिहिते: बरी राहा, वेळेवर जेव आणि ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, “सगळं ठीक ना?” मी म्हणते, “ठीक.” मग आपण दोघी थोडा वेळ एकमेकींचा श्वास ऐकतो आणि फोन ठेवतो. शिवाय मी तुझ्याशी बोलत असले की पलीकडच्या खोलीत तुझे बाबा वर्तमानपत्राचं पान उलटायचे थांबतात. ऐकत नसल्याचं इतकं दाखवतात की मलाच बोलणं सुचत नाही. कागदावर निदान वाक्य पुरं होतं.

मुद्द्यावर येते. तुझी मैत्रीण शनिवारी इकडून गाडीने परत जाणार आहे, तिच्याबरोबर मुकादमाला पाठवाल का, असं तू विचारलं होतंस. नाही. म्हणजे आत्ता नाही. त्याचं पोट बिघडलं आहे.

परवा सकाळी उठून पाहते तर बाल्कनीत जे होतं त्याचं वर्णन करत नाही. तो पिल्लू असल्यापासून तूच फरशी पुसली आहेस, तुला कल्पना आहे. नंतर उलट्याही झाल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे बूट हुंगून झाल्याशिवाय जो कुणाला आत सोडत नाही, तो आपला मुकादम काउंटरखाली पडून होता आणि पोस्टमन आला तरी त्यानं मान वर केली नाही. तेव्हा ह्यांनी दुकान बंद केलं. भर दुपारी, एक गृहस्थ चष्मा घालून आरशात बघत असताना. ह्यांनी तो चष्मा त्यांच्या नाकावरून काढून घेतला आणि “उद्या या” म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. बोलतात कमी, हात धुतात नीट. मला पटल्या. त्यांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं आणि विचारलं, “काय खाल्लं यानं?”

“त्याचंच. पाकिटातलं,” मी म्हणाले.

“आणखी काही? तुमच्या ताटातलं?”

“आमच्या घरी टेबलावरून काही देत नाहीत,” हे म्हणाले. “नियम आहे. हिला विचारा.”

मी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मुकादमाकडे. तो छताकडे बघत होता.

तर आता पथ्य असं. पहिला दिवस खाणं बंद. पाणी थोडं थोडं द्यायचं, वाटी भरून समोर ठेवायची नाही. मग मऊ शिजवलेला भात आणि उकडलेली कोंबडी. कातडी काढून, हाडं काढून, मीठ नाही, तेल नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. तेही पोटभर नाही. मूठभर द्यायचं, जरा वेळाने पुन्हा मूठभर. पोट जागेवर आलं की त्यात नेहमीचं खाणं चमचाभर मिसळायचं आणि हळूहळू वाढवत न्यायचं. “घाई केलीत की पुन्हा पहिल्यापासून,” असा त्यांनी दम दिला. मला दम दिलेला आवडत नाही, पण देण्याची पद्धत बरी होती.

भात मी लावते. कोंबडीचे धागे हे सोडवतात, फ्रेमचे बारीक स्क्रू उचलायच्या चिमट्याने. चिमटा आधी उकळून घेतात. हाडाची किरचसुद्धा राहत नाही. इतक्या मन लावून त्यांनी माझ्या आजारपणातही कधी काही केल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या विषयाबद्दल तू विचारलं नाहीस, मीही लिहीत नाही. तू गेलीस तेव्हा ह्यांनी सांगितलं, “या टेबलावर तो विषय नको.” नको तर नको. मला जे म्हणायचं होतं ते मी तेव्हाच दोघांना म्हणून घेतलं. तू तपासलेला प्रत्येक नंबर गिऱ्हाइकाच्या देखत पुन्हा तपासून बघायचा, ही त्यांची चूक. आणि मुलीनं दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानात नोकरी धरल्याचं बापाला काचा पुरवणाऱ्या माणसाच्या तोंडून कळावं, ही तुझी. त्यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

मुकादम अजून जेवणाच्या वेळी तुझ्या खुर्चीपाशी बसतो. ताटातला शेवटचा घास तू त्याला टाकायचीस, मी ओरडायचे आणि तू निर्लज्जासारखं म्हणायचीस, “पडला, आई.” आता घरात काही पडत नाही. शिस्त आहे.

मैत्रिणीला सांग, या खेपेला रिकाम्या गाडीने जा.

तुझी आई


११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. एवढाच होता: “तो खरंच आजारी आहे, की तुला त्याला पाठवायचं नाही?” जन्मदात्या आईशी बोलायची ही पद्धत नव्हे, पण प्रश्न सुटसुटीत आहे, म्हणून उत्तर देते.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. साऱ्या शहराचं पाणी माझ्या टेबलावरून गेलं. गढूळ नमुन्याला मी कधी स्वच्छ म्हटलं नाही आणि स्वच्छाला गढूळ म्हटलं नाही. वरिष्ठ डोक्यावर येऊन उभे राहिले तरी नाही. ती मी एका कुत्र्याच्या पोटाबद्दल खोटं लिहीन?

तो खरंच आजारी आहे. मधे सुधारला होता. भात-कोंबडी पचली, शेपटीनं टीपॉयवरचा पेला पाडला, टेलरबाईंच्या मांजरावर भुंकला. आम्ही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे त्याचं नेहमीचं खाणं चमचाभर मिसळलं. आणि पुन्हा तेच. पुन्हा बाल्कनी, पुन्हा बादली. पुन्हा एक दिवस उपास आणि पहिल्यापासून भात. हे म्हणाले, “पाकिटातलं खाणंच खराब असेल.” मी पाकिटावरची तारीख पाहिली, ठीक होती. तरी नवं पाकीट आणलं. पाणी उकळून गार केलं. बाल्कनीतल्या कुंड्या जिन्यात नेऊन ठेवल्या, न जाणो पानं चावत असेल. तरी तेच.

बाहेरून कुणीतरी खायला घालतंय, याची मला खात्री झाली. वरच्या मजल्यावरच्या टेलरबाईंची खिडकी आपल्या बाल्कनीवरच उघडते. मी गेले. त्या मशीनवर होत्या, तोंडात टाचण्या.

“तुमच्या खिडकीतून खाली काही पडतं का, तेवढं सांगा,” मी म्हटलं.

त्यांनी टाचण्या काढल्या. “पडतं की. बटणं पडतात, रिळं पडतात. तुमचा कुत्रा बटणं खातो का?”

“खाण्याचं विचारतेय.”

“बाई, माझी पोरं वाढत्या वयाची आहेत. आमच्या टेबलावरून काही खाली पडायच्या आत ती झेलतात.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “आणि लोकांच्या खिडक्या तपासायच्या आधी एक सांगा. तुमच्या एवढ्या कडक घरातलं कुत्रं फुगलं कशानं? त्याच्या थंडीच्या जाकिटाची शिवण मीच उसवून सैल केली, तीही दोन वेळा.”

“कुणी आणलं होतं?”

“एकदा तुमच्या साहेबांनी. एकदा तुम्ही.”

मी म्हटलं, हिवाळ्यात कुत्र्यांचे केस दाट होतात. त्या म्हणाल्या, “हो का?” आणि मशीन सुरू केली.

याबद्दल सध्या एवढंच.

इकडे बाकी ठीक. जिन्यातला दिवा बदलला. तुझ्या खोलीत मी जुने कपडे आणि रिकामी खोकी ठेवलेली नाहीत. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते. तुझ्या पलंगावर मुकादम झोपतो. पूर्वी मी त्याला हाकलायचे. आजारी आहे म्हणून सध्या हाकलत नाही.

तुझी मैत्रीण महिनाअखेरीस पुन्हा येणार आहे असं लिहिलंस. बघू. बरा झाला तर.

आई


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

मागच्या पत्रातला पाण्याच्या नमुन्यांचा परिच्छेद मी मागे घेते. नमुना मीच गढूळ केला होता.

हे लिहायला मला दोन कागद फाडावे लागले, तेव्हा मधे थांबू नकोस, सलग वाच.

तू गेल्यावर मुकादम तुझ्या खुर्चीपाशी बसायचा हे मी लिहिलं. पुढचं लिहिलं नव्हतं. आमचं जेवण व्हायचं, हे हात धुवायला जायचे, आणि हा तिथेच. ह्यांच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. खुर्चीकडे बघत बसायचा. ओरडून पाहिलं, दामटून पाहिलं. एक दिवस ताटं उचलताना मी चीजचा एक तुकडा तुझ्या खुर्चीवर ठेवला. त्यानं तो घेतला आणि शहाण्यासारखा जाऊन झोपला. मग दुसऱ्या दिवशी. मग रोजच. कधी चीज, कधी लोणी लावलेल्या टोस्टची कड, कधी आमलेटचा तुकडा. ह्यांचं हात धुणं होईपर्यंत सगळं आटपायचं. टेबलावरून काही द्यायचं नाही हा नियम मी केलेला. पण मी टेबलावरून कुठे देत होते, खुर्चीवरून देत होते. वकील व्हायला हवं होतं मी.

पथ्य सुरू झाल्यावर चीज बंद केलं. टोस्टची कड मात्र चालू ठेवली, लोणी खरवडून. खरवडलेलं लोणी सगळं निघत नाही, पावात मुरतं, हे मला, रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला, कळत नव्हतं असं समजू नकोस. तो खुर्चीकडे बघत असला की कळलेलं वळत नाही.

टेलरबाईंकडून खाली आले त्या दिवसापासून मी हात आवरला. एकदम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी बंद केलं, तेव्हा तो बरा व्हायला हवा होता. झाला नाही. म्हणजे आणखी कुणीतरी होतं.

तू त्याला दुकानात न्यायचीस, तसे आता हे नेतात. मंगळवारी दुपारी मी त्याच्या भाताचा डबा घेऊन निघाले. हे डबा घेऊन गेलेच होते. माझ्या हातातला नुसता बहाणा होता. दुकानाच्या काचेतून, फ्रेम टांगलेल्या असतात त्यांच्यामधून आत पाहिलं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मागच्या बाजूला, काचा घासायच्या मशीनपाशी, हे सँडविच खात बसले होते. समोर तुझं उंच स्टूल. स्टुलाशेजारी मुकादम, ताठ, जसा घरी खुर्चीपाशी बसतो तसा.

ह्यांनी शेवटचा घास उरवला. तो त्यांनी मुकादमाच्या तोंडात दिला नाही, जमिनीवर टाकला नाही. तुझ्या स्टुलावर ठेवला. मुकादमानं तो तिथून उचलला. मग ह्यांनी खिशातून काचा पुसायचं ते मऊ फडकं काढलं आणि स्टूल पुसलं.

मी दार ढकललं. दारावरची घंटा वाजली. हे उठून उभे राहिले, हात मागे.

“अहो, हे काय?”

“काय?”

“आत्ता त्याला काय दिलंत?”

ह्यांनी मुकादमाकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. ओठाला लोणी लागलेलं. “पडला,” म्हणाले.

तुझाच शब्द, तुझ्याच सुरात. मला हसू फुटलं. दुकानात मला हसताना ह्यांनी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे ते जास्तच घाबरले.

“तू ओरडणार नाहीस?”

“कोणत्या तोंडानं ओरडू? माझाही पडतो. घरी.”

“कुठे?”

“खुर्चीवर.”

ह्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. मुकादम एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आता दोघांकडून मिळणार अशी त्याची समजूत झाली असावी.

“म्हणजे गडी दोन्हीकडे जेवत होता,” हे शेवटी म्हणाले. “दोन्हीकडे तिचं.”

तू गेल्यापासून ह्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल निघालेला हा पहिला शब्द. नाव घेतलं नाही. ‘तिचं’ म्हणाले. मी तो शब्द तसाच राहू दिला. उचलून बघायला गेले असते तर त्यांनी परत घेतला असता.

त्याच संध्याकाळी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो, बाकावरून उठवून मुख्याध्यापकांकडे पाठवलेल्या पोरांसारखे. बोलायला सुरुवात मीच केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पहिल्या दिवशीच सांगितलं असतंत तर हा एव्हाना बाहेर पळत असता. मी विचारलं होतं की नाही?”

“विचारलं होतंत,” मी म्हणाले.

“मग?”

“हे शेजारी बसले होते,” मी म्हणाले.

“आणि ही माझ्या शेजारी,” हे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लोणी, चीज, तळलेलं काहीही, अगदी नखभरसुद्धा नाही, असं पुन्हा बजावलं आणि आम्हाला घालवलं.

तेव्हापासून दोघांनीही पाळलंय. एकमेकांवर लक्ष ठेवून. जेवण झालं की हे मला म्हणतात, “हात दाखव,” आणि मी दाखवते. भात मऊ, कोंबडी धागा धागा, मूठ मूठ. आता त्यात त्याचं पाकिटातलं खाणं मिसळतोय, दर दिवशी जरासं जास्त. त्याचं पोट जागेवर आलं आहे. शी घट्ट होते, हे वाक्य मी एखाद्याला बढती मिळाल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटले आहे. टेलरबाईंनाही सांगितलं, आणि चुकले म्हणाले. त्या म्हणाल्या, “जाकीट आणा आता, परत आवळून देते.”

काल दुकानात एक बाई आल्या. चष्म्यावर बसल्या होत्या, दोन्ही काचांचा चुरा. त्यांच्याजवळ तू लिहून दिलेला नंबराचा कागद होता, तुझ्या त्या तिरक्या अक्षरातला. मी भात घेऊन गेले होते, म्हणून समोरच होते. ह्यांनी कागद वाचला आणि मागे काचा काढायला गेले. त्या बाईच म्हणाल्या, “पुन्हा तपासायचं नाही? मागच्या वेळी तुम्ही तपासलं होतं.”

“गरज नाही,” हे म्हणाले. “मागच्या वेळीही नव्हती.”

मी हे जसं झालं तसं लिहिलं आहे. माझा एक शब्द त्यात नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर. तुला पाठवायचं नाही का, असं विचारलंस. नाही, पाठवायचं नव्हतं. तो आजारी होता हेही खरं आणि आजारी पडला याचं मला मनातून बरं वाटलं हेही खरं. तो गेला असता तर तुझ्या खुर्चीपाशी बसणारं घरात कुणी उरलं नसतं. आम्ही दोघं तिथे बसणाऱ्यातले नाही. आमच्या वतीने तो बसत होता, आणि त्याचं पोट बिघडलं.

तरी मुकादम तुझा आहे. पिशवीत घालून तू त्याला घरी आणलंस, न्यायचा हक्कही तुझा. मी अडवणार नाही, हेही अडवणार नाहीत. एकच गोष्ट. मैत्रिणीच्या गाडीत मागच्या सीटवर सामानासारखा तो जाणार नाही. तू स्वतः ये. जेवणाच्या वेळेला ये. डॉक्टरीणबाई म्हणतात, महिनाअखेरीपर्यंत पथ्य सुटेल, मग बिनमिठाचा, उकडलेल्या कोंबडीचा एखादा घास वेगळा द्यायला हरकत नाही. तो कुणी द्यायचा हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी ठरवलं आहे. खुर्चीवर ठेवलेला घास त्याला चालतो, पण त्याच्या पोटाला चालतो, असं मला वाटत नाही.

घास दिल्यावर “पडला” म्हणायची गरज नाही. मी ओरडणार नाही.

मी हे लिहीत असताना तुझे बाबा मागे कपाट आवरताहेत. त्या कपाटात आवरण्यासारखं काही नाही. आत्ता म्हणाले, “तिच्या चष्म्याची डावी काडी सैल व्हायची. तिकडे कोण घट्ट करून देतं, विचार.” विचारलं. उत्तर पत्रानं नको, चष्मा घेऊन ये.

तुझी,
आई
आणि खांद्यावरून वाचत नसल्याचं दाखवणारे बाबा